पासवर्ड विचारायच्या आधीच

चवथीला तीन दिवस असताना फोंड्याच्या वरच्या बाजारातून छापखान्याच्या काकांचा फोन आला. "बाय, एकसुद्धा फाईल उघडत नाही गो. मंडळाची स्मरणिका आज प्लेटला जायलाच हवी." त्यांचा स्टोरेज सर्व्हर मीच लावून दिलेला. जुना पीसी, ४ जीबी रॅम, डेबियन लिनक्स, त्यावर नेटवर्कवरून सगळ्यांना फाईली देणारा साम्बा. तशीच निघाले.

डिस्क धडधाकट होती, जागाही होती. पण कीबोर्डवर अक्षर दाबलं की पडद्यावर उमटायला पाच-सहा सेकंद. चालू प्रोसेसेसची यादी दाखवणारं टॉप कसंबसं उघडलं. रॅम संपलेली, रॅम कमी पडली की डिस्कवरची जी जागा वापरतात तो स्वॅपही भरलेला, आणि वरपासून खालपर्यंत एसएमबीडी, एसएमबीडी, एसएमबीडी. मोजले तर अकराशेच्या वर. छापखान्यात कॉम्प्युटर सहा!

साम्बा प्रत्येक जोडणीसाठी वेगळी एसएमबीडी प्रोसेस उभी करतो. या सगळ्या जोडण्या एकाच आयपीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या एकाच पत्त्यावरून आलेल्या, कोपऱ्यातल्या जुन्या कॉपियरच्या. स्कॅन थेट फोल्डरमध्ये पडावा म्हणून तो नेटवर्कला लावला होता. काय बिघडलं होतं त्याच्यात कोण जाणे, फाईल शेअरिंगच्या पोर्ट ४४५ वर जोडणी उघडायची, पुढे गप्प बसायचं आणि परत नवी उघडायची, असं रात्रभर चाललेलं.

काका म्हणाले, "पण आपण पासवर्ड ठेवलाय ना?" सगळ्यांचा समज हाच असतो, आणि तोच मला खोडायचा आहे. पासवर्डची पाळी येण्याआधीच सर्व्हरची मेमरी खर्ची पडते. राखणदार नाव विचारेपर्यंत मांडव भरून गेलेला असतो.

२०१७ मध्ये डेफकॉन या हॅकर परिषदेत एसएमबीलोरिस नावाने हेच दाखवलं गेलं होतं. निरोपाच्या सुरुवातीचा ४ बाइटांचा हेडर पाठवून 'मोठा निरोप येतोय' एवढंच सांगायचं. विंडोज त्या एका जोडणीसाठी १२८ केबीपर्यंत मेमरी राखून वाट बघत बसतं. एका आयपीवरून ६५ हजार पोर्ट वापरले की हिशेब ८ जीबीवर जातो. मायक्रोसॉफ्टने पॅच काढायला नकार दिला, फायरवॉल लावा म्हणाले. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. साम्बालाही याची झळ होती, कारण तिथे 'मॅक्स एसएमबीडी प्रोसेसेस' या सेटिंगची मूळ किंमत शून्य असते, म्हणजे मर्यादाच नाही. हे मी वाचलं होतं. तरी काकांकडे मर्यादेची ती ओळ घातली नव्हती, याची मला खरोखर खंत वाटते.

कॉपियरची केबल काढली, साम्बा पुन्हा चालू केला. मर्यादा १०० ठेवली. पण एकट्या मर्यादेने भागत नाही: बिघडलेलं यंत्र शंभरच्या शंभर जागा अडवून बसलं, तर कामाची माणसं बाहेरच राहतात. म्हणून फायरवॉलमध्ये एका आयपीला दहापेक्षा जास्त जोडण्या मिळणार नाहीत असा नियम घातला. राउटर तपासला तर ४४५ बाहेरूनही उघडा! कोणीतरी घरून काम करायला उघडून ठेवलेला. तो तिथल्या तिथे बंद केला.

साडेनऊला स्मरणिकेचं शेवटचं पान प्लेटला गेलं. काकूंनी डब्यात नेवऱ्या भरून दिल्या. कॉपियरची केबल अजून माझ्याच बॅगेत आहे.