आरसा मुद्दाम बिघडवायचं काम

आईचा व्हिडिओ कॉलवर दर वेळी तोच प्रश्न, एवढ्या लांब जाऊन तू करतोस तरी काय? आरसे डिझाइन करतो म्हणलं की तिच्या डोळ्यासमोर कपाटाचा आरसा. आमचा आरसा अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणीचा, म्हणजे दोन्हीकडून उघडी, जराशी निमुळती नळी. एक्स-रे आरशावर सरळ आपटला की आत घुसून संपला, पण बॅटची कड घेऊन बॉल स्लिपकडे जातो ना तसा एखाद्या अंशाने चाटून गेला तर वळतो. आधी नळीच्या पॅराबोला वक्राच्या भागावर, लगेच हायपरबोलाच्या भागावर, की आला फोकसला. हान्स वोल्टर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने हे 1952 मधे मांडलं, आणि तेही मायक्रोस्कोपसाठी बरं का! चाटून जाणारा प्रकाश अशा एका नळीत फार थोडा सापडतो म्हणून मग नळीत नळी, एक्सएमएम-न्यूटन या युरोपच्या एक्स-रे उपग्रहाच्या एकेका दुर्बिणीत 58.

आता खरी गंमत. वोल्टरचा आरसा दिसणाऱ्या आकाशाच्या मधोमध झकास, कडेला सरकलं की ताऱ्याचा ठिपका पसरतो. एकाच ताऱ्याकडे बघायचं तर चालून जातं, पण सगळं आकाश झाडून काढायचं असेल तर नाही. मी नवीन असताना मधला ठिपका एकदम बारीक आणला आणि मीटिंगमधे छाती फुगवून दाखवला, तर आमच्या सिनियर बाई एवढंच म्हणाल्या, आणि कडेला? कडेला रांगोळी विस्कटलेली. मग त्यांनी कागदावर दिसणाऱ्या आकाशाचा एक गोल काढला, त्यात ७० टक्के त्रिज्येवर दुसरा, आणि म्हणाल्या अर्धं क्षेत्रफळ या बाहेरच्या पट्ट्यात आहे, तू कुठे मेहनत घेतोयस? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला (एक्स-रे नव्हे, साधा).

उपाय जुनाच आहे, 1992 मधे बरोज, बर्ग आणि जियाकोनी या शास्त्रज्ञांनी सांगितलेला: पॅराबोला-हायपरबोलाचा हट्ट सोडा, वक्राला पॉलिनोमियल (हवा तसा वळवता येणारं समीकरण) द्या, मधली धार थोडी घालवा आणि कडेची कमवा. शिवाय फोकसची जागा सपाट नसतेच, वाटीसारखी असते, म्हणून सपाट डिटेक्टर फोकसच्या किंचित आत बसवायचा. 2019 ला गेलेल्या ईरोसिटा या एक्स-रे दुर्बिणीत डिटेक्टर असाच बसवलाय.

हे सगळं ऐकून आई म्हणाली, म्हणजे चांगला आरसा मुद्दाम बिघडवतोस? हो गं, पण किती बिघडवायचा तेच तर ठरत नाहीये, रे-ट्रेसिंगचा (एकेक किरण कुठे जातो ते कॉम्प्युटरवर मोजायचा) रन लावून आलोय, सकाळी बघू.