आडव्या बाटलीआधी मतदार यादी

गावातलं देशी दारूचं दुकान मतदान घेऊन बंद करता येतं, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. त्याचं गणित किती अवघड आहे ते आम्हाला त्यात उतरल्यावर कळलं, म्हणून लिहितेय.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, ऊसतोडीचं. मी ग्रामपंचायतीत महिला राखीव जागेवर निवडून आले. २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या, त्यामुळे संख्येला आम्ही कमी नव्हतो. पण ग्रामसभेच्या आधी जी महिला सभा घ्यायची असते, तिचं रजिस्टर शिपाई घरोघर फिरवायचा आणि सह्या झाल्या की सभा झाली! आम्ही ती हट्टाने खरोखरची भरवली. विषय हातपंपाचा होता, पण गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी भलताच काढला. क्षयाचे पेशंट गोळ्या सोडून सकाळपासून दुकानावर बसतात, त्यांच्यामागे किती फिरायचं? मग बायकांची तोंडं उघडली. ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल नवरा दारूत घालतो आणि फेडायला कोयता दोघांनी धरायचा.

२००८ च्या शासन आदेशाप्रमाणे आधी गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन द्यावं लागतं. मग अधिकारी गावात येऊन सह्या पडताळतात. त्या दिवशी चावडीसमोर एरवी न दिसणारे पुरुषही येऊन उभे होते. एकीला दिराने खुणेने परत बोलावलं. ती गेली नाही, तिच्यामागे रांगच लागली.

खरी मेख पुढे आहे. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे बंद. आडवीला मिळालेली मतं झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त असून भागत नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. यादीत १००० बायका असतील तर ५०१. म्हणजे जी आली नाही, तिचं मत दुकानदाराच्याच खात्यात. मेलेली म्हातारी, पुण्याला गेलेली सून, सासरी नांदणारी लेक, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने!

म्हणून आम्ही प्रचाराआधी यादी हातात घेतली. मयतांच्या नावांसाठी दाखले जोडून ७ नंबरचे फॉर्म भरले. लेकींची नावं काढणं जास्त जड गेलं. आईबापांना वाटतं, माहेरी एवढं तरी नाव राहू दे. शिवाय निवडणुकीला जीप पाठवून त्या आणता येतात, म्हणून कुठल्याच पॅनेलला ती कमी झालेली नको असतात. त्यावरून आमच्याच गटात वाजलं.

दुसरा पेच तोडीचा. दिवाळीच्या आसपास अर्धं गाव कारखान्यांवर जातं. तेव्हा मतदान लागलं असतं तर निकाल आधीच ठरलेला. तारीख आपल्या हातात नसते, पण हंगामाआधी मतदान घ्यावं अशी विनंती आम्ही कारणासह लेखी दिली आणि ती मानली गेली.

प्रचार सोपा होता. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही चित्र कळतं. एक आजी तर म्हणाल्या, "अगं पोरी, आयुष्यभर ती बाटली आडवीच करत आले."

आडवी बाटली जिंकली, पण निसटती. यादी तशीच ठेवली असती तर हरलो असतो. दुकान बंद झालं. गावातली दारू संपली असं मात्र मी म्हणणार नाही, मोटारसायकलवरून चोरून येतेच. पण सकाळी उठून दारात मिळत नाही, हा फरक आशाताईंना त्यांच्या पेशंटांत दिसतो.

आता महिला सभेला बायका आपणहून विषय आणतात. आमच्या जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जातात म्हणून २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तोडीला निघण्याआधी गावातच प्रत्येकीची तपासणी व्हावी, ही पुढच्या सभेतली मागणी आहे.