तुम्ही विचारलंत म्हणून: ठणठणीत बी५८ काढून २जेझेड का बसवलं

माझी ए९० सुप्रा ही टोयोटाची स्पोर्ट्स कार, कंपनीतून बीएमडब्ल्यूचं बी५८ इंजिन घेऊन आलेली. तिचं बॉनेट उघडलं आणि आत २जेझेड, म्हणजे आधीच्या ए८० सुप्रातलं टोयोटाचं इंजिन, दिसलं की लोक आधी हरखतात, फोटो काढतात, आणि मग न चुकता तोच प्रश्न: अरे पण बी५८ ला काय धाड भरली होती? काही नाही. ठणठणीत होतं. तेल खात नव्हतं, गळत नव्हतं, आवाज नव्हता. दुसरे काही जण येऊन पाठ थोपटतात, म्हणतात आता खरी सुप्रा झाली. खरं सांगू, मला त्या पाठ थोपटण्याचाही तेवढाच त्रास होतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पॉवरसाठी केलेलं नाही हे. बी५८ हलकं घेण्यासारखं इंजिन नाहीच. अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक असला तरी क्लोज्ड डेक आहे, म्हणजे सिलिंडरभोवतीचा वरचा भाग भरीव, मजबूत, आणि ३४० हॉर्सपॉवरच्या व्हर्जनलाही ५०० न्यूटन-मीटर टॉर्क १६०० आरपीएमपासूनच हातात. माझं २जेझेड मोठ्या सिंगल टर्बोवर आहे, ते चार हजारच्या आसपास जागं होतं, त्याआधी वाट बघायची. वर ब्लॉक बिडाचा, म्हणजे सगळं जादा वजन नाकावर. टोयोटाचे या गाडीचे मुख्य इंजिनिअर तेत्सुया तादा, त्यांच्या टीमनं या गाडीचं वजन पुढे-मागे ५०:५० जमवायला जो जीव काढला तो मी बिघडवून ठेवलाय हे मला गाडी चालवताना पहिल्याच वळणाला कळतं, कोणी सांगायची गरज नाही. छोट्या छोट्या वळणांच्या ट्रॅकवर कंपनीतून आलेली ए९० माझ्या पुढे निघून जाईल. मग का केलं?

२०१९ च्या जानेवारीत डेट्रॉइटला ही गाडी आली तेव्हा माझ्याकडे याचं उत्तर तयार होतं. ऑस्ट्रियात ग्राझला बीएमडब्ल्यूच्या झेड४ च्या शेजारी बनते, इंजिन बीएमडब्ल्यूचं, गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा, ही कसली सुप्रा, नुसता बिल्ला लावलाय. त्याच वर्षी जपानी ड्रिफ्टर दाईगो सायतोनं ड्रिफ्टिंगसाठी ए९० मध्ये २जेझेड बसवलं आणि मी तो पुरावा म्हणून प्रत्येकाच्या तोंडासमोर धरायचो. आज तो २०१९ चा मी भेटला तर मी त्याच्याशी भांडेन. त्याला म्हणेन की बाबा, ज्याला तू सुप्राचं इंजिन सुप्राचं इंजिन म्हणतोस ते १९९१ मध्ये आधी अ‍ॅरिस्टोत आलं, टोयोटाच्याच चार दारांच्या सेडानमध्ये, सुप्राला ते १९९३ मध्ये मिळालं. आणि सायतोला स्पर्धेसाठी मार खाणारा ब्लॉक आणि रग्गड पॉवर हवी होती, तुला काय हवंय ते बोल. पण तो सगळाच चुकत होता असंही मी म्हणणार नाही. काहीतरी त्याला खुपत होतं, फक्त ते बिल्ल्याचं नव्हतं.

खरं कारण हे की इंजिन माझ्याकडे आधीपासून होतं. अपघातात गेलेल्या एका अ‍ॅरिस्टोतून काढलेलं, व्हीव्हीटी-आयवालं, म्हणजे व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारं. दादा आणि मी ते दोघांनी मिळून पूर्ण खोललं आणि पूर्ण बांधलं. मला इंजिन म्हणजे काय ते या ब्लॉकवर कळलं. मेन बेअरिंगचा गॅप बघायला क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये बसणाऱ्या भागावर, प्लास्टिगेज नावाच्या मऊ प्लास्टिकची दोऱ्यासारखी बारीक कांडी ठेवायची, कॅप टॉर्क रेंचनं पूर्ण टाइट करायची, क्रँक अजिबात हलू द्यायचा नाही, परत खोलायची आणि चपटी झालेली कांडी पाकिटावरच्या पट्टीला लावून बघायची. जास्त पसरली म्हणजे गॅप कमी, कमी पसरली म्हणजे जास्त. सात मेन बेअरिंग, सातही वेळा दादा भिंग घेऊन बघायचा आणि मला आकडा बोलायला लावायचा, स्वतः आधी बोलायचा नाही. त्यानंतर ते इंजिन स्टँडवर नुसतं उभं होतं. विकायचा विचार मला कधी शिवला नाही. ए८० घ्यावी तर तिच्या किमती तुम्हाला माहीतच आहेत, आणि ज्या आवाक्यात होत्या त्यांचा खालचा पत्रा गंजानं खाल्लेला. इंजिन गेलेली ए९० शोधली, मिळाल्या त्या पाण्यात बुडालेल्या किंवा चेसिस वाकलेल्या. शेवटी चांगली चालू गाडी घेतली. तुमच्यासाठी नव्या गाडीत जुनं इंजिन आलं असेल, माझ्यासाठी घरातल्या इंजिनाला राहायला जागा मिळाली. हे ऐकून लोक म्हणतात भावनिक निर्णय आहे. आहे. मग?

बसवण्याचं काम लोकांना वाटतं तेवढं भयंकर नव्हतं. इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे माउंट, नवीन बनवले, ऑइल चेंबर बदलून घेतलं कारण ते सबफ्रेमला लागत होतं, झेडएफच्या गिअरबॉक्सला जोडायला अडॅप्टर प्लेट आणि गिअरबॉक्सला वेगळा कंट्रोलर. बॉडीत एकही कट मारलेला नाही, हे चांगली गाडी कापली म्हणणाऱ्यांसाठी. डोकेदुखी वायरींची होती. बी५८ चा कॉम्प्युटर नुसतं इंजिन चालवत नाही, तो कॅनवरून, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या वायरींवरून, बाकीच्या सगळ्यांना सतत सांगत असतो की इंजिन चालू आहे, एवढा आरपीएम, एवढा टॉर्क. तो काढला की एबीएस, स्टीअरिंग, मीटर, सगळे बावरतात. म्हणून मध्ये एक मॉड्यूल बसवायचं, जे नव्या ईसीयूचं, म्हणजे २जेझेडच्या कॉम्प्युटरचं, ऐकून जुन्या कॉम्प्युटरच्या भाषेत बाकीच्यांना तेच मेसेज पाठवतं. आमचं वायरिंग बाहेरून करून घेतलं होतं, आणि दिसायला काम सुरेख होतं.

आता तो दिवस. गाडी ट्रॅकवर, दादा पहिल्यांदाच शेजारी बसलेला. राउंड छान झाले, ऑइल प्रेशर जिथे पाहिजे तिथे, टेंपरेचर जरा चढलेलं पण ठीक. दादा काही बोलत नव्हता पण पायानं ताल धरल्यासारखं करत होता, तो खूश असला की करतो. पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत, परत आलो, अगदी हळू, आयडलवरच गाडी सरकतेय, आणि टायरच्या रचलेल्या भिंतीच्या अलीकडून डावीकडे पूर्ण वळायचं होतं. मी स्टीअरिंग फिरवायला घेतलं, अर्धं वळलं, आणि समोरून फॅनचा मोठा आवाज आला, मीटरमधले दिवे क्षणभर मंद झाले आणि माझ्या हातात स्टीअरिंग दगड झालं. जड झालं म्हणत नाहीये मी, दोन्ही हातांनी लोंबकळलो तरी हलेना. स्टीअरिंगचा लाल दिवा, एबीएसचा दिवा, सगळे एकदम. ब्रेक दाबला, ब्रेक लागला, पण अंतर होतंच किती, बंपर टायरना जाऊन टेकला. आणि दोन-तीन सेकंदांत सगळं परत चालू. स्टीअरिंग परत लोण्यासारखं, जणू काही झालंच नाही.

गाडीचं काही गेलं नाही, बंपरला काळा डाग, तेवढंच. दादानं बेल्ट काढला, खाली उतरला आणि म्हणाला, "अरे, बी५८ असतं तर हे झालंच नसतं." चिडून नाही, साध्या आवाजात. मग म्हणाला, "इथे टायर होते."

कारण शोधायला मला वेळ लागला कारण थंड गाडीत काही व्हायचंच नाही. शेवटी लॉगरवर व्होल्टेज आणि कॅनचे मेसेज एकावर एक ठेवून बघितले तेव्हा दिसलं. जागा कमी म्हणून आम्ही पातळ फॅन लावला होता, तो रिलेवरून एकदम फुल स्पीडला चालू व्हायचा. आयडलवर अल्टरनेटर कमी करंट देतो, फॅन चालू होताना भसकन ओढतो, आणि वायरिंग करणाऱ्यांनी मॉड्यूलची पॉवर फॅनच्याच लाइनवरून घेतलेली. व्होल्टेज पडला की मॉड्यूल रीस्टार्ट व्हायचं. तेवढे दोन-तीन सेकंद स्टीअरिंगला कोणीच सांगायचं नाही की इंजिन चालू आहे, मग ते मदत बंद करायचं. आणि फॅन लागतो कधी? गाडी तापलेली आणि वेग नाही तेव्हा. म्हणजे नेमकं तेव्हाच, जेव्हा स्टीअरिंग सगळ्यात जास्त फिरवायचं असतं.

मॉड्यूलला वेगळी लाइन दिली, फॅनला सावकाश वेग घेणारा कंट्रोलर लावला, अल्टरनेटर मोठा केला. त्यानंतर एकदाही झालेलं नाही. मी सगळे ग्राफ दादाला दाखवले. त्यानं नीट बघितले, तो बघतोच नीट, आणि म्हणाला, "हे सापडलं. न सापडलेलं काय काय आहे?" मी म्हटलं, दादा, कंपनीच्या गाडीतही मॉड्यूल मरतात. तो म्हणाला, "मरतात, पण मेल्यावर काय करायचं ते कोणीतरी बसून ठरवलेलं असतं, थंडीत उन्हात वर्षभर चालवून बघितलेलं असतं. तुझं तू आणि मी बघितलंय." यावर तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आत्ताही नाही. तो अजून येतो, तेल बदलायला, प्लग बघायला, त्या इंजिनावर त्याचा माझ्याएवढाच जीव आहे. शेजारी बसत नाही. मी आता विचारायचं सोडलं.

म्हणून "वर्थ होतं का" असं कोणी विचारलं की मी गप्प बसतो, लोकांना तो माज वाटतो. चार हजारच्या वर ते इंजिन ओढायला लागतं तेव्हा मला एका क्षणासाठीही शंका येत नाही. पॅडॉकमध्ये शिरताना दरवेळी येते. दोन्ही खरं आहे, आणि यातलं एक निवडून तुम्हाला देता येत नाही मला.

बाकीचे प्रश्न पटापट. रस्त्यावर चालवतोस का? नाही, ट्रेलरवरून नेतो. नव्या गाडीत जुनं इंजिन म्हणजे धुराचे नियम आडवे येतात, कॅलिफोर्नियात तर इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्याहून नवंच लागतं, आणि मला तो नियम अन्यायाचा वाटत नाही. ब्रेकला व्हॅक्यूम कुठून? बी५८ ला स्वतःचा पंप असतो, तो इंजिनाबरोबर गेला, आता मॅनिफोल्डवरून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांवरून, घेतो, वन-वे व्हॉल्व्ह लावून. बी५८ विकायचंय का? नाही. परत बसवणार का? ठरवलेलं नाही.

माउंटची मापं आणि मॉड्यूलची मेसेज लिस्ट कोणाला हवी असेल तर मागा, देईन. फक्त गाडी पूर्ण तापवून, आयडलवर, फॅन चालू-बंद करत, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत जागेवर फिरवून बघा. ते झाल्याशिवाय कोणाला शेजारी बसवू नका.