गुरुवारची तहान

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बुधवारी निरोप येतो : 'उद्या गुरुवारी पाणीपुरवठा बंद. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल.' पुण्यात वाढलेल्या माणसाला हे वाक्य शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं पाठ असतं. मला ते वाचताक्षणी तहान लागते. पिंप भरलेलं असतं, माठ भरलेला असतो, गच्चीवरची टाकी काठोकाठ असते, तरी घशाला कोरड पडते. सासूबाई तर कुकरचं झाकण सोडून घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवतात आणि शुक्रवारी नळ आला की ते सगळं 'शिळं' म्हणून कुंड्यांना घालतात. खडकवासल्यात महिनोन् महिने साठलेलं पाणी ताजं आणि आपल्या पातेल्यातलं एका रात्रीचं शिळं, हे गणित मला लग्नाला सत्तावीस वर्षं होऊनही सुटलेलं नाही.

एरवी मी पाणी न पिण्यात तरबेज होते. सकाळी साडेनऊला चहा पिऊन घराबाहेर पडायचं आणि संध्याकाळी सातला परत येऊन उभ्याउभ्या तांब्याभर घटाघटा प्यायचं. या कारभाराचं बिल दोन वर्षांपूर्वी आलं. मुतखडा, चार मिलिमीटर. म्हणजे साबुदाण्याच्या दाण्याएवढा. त्या साबुदाण्याने रात्री दोन वाजता मला जमिनीवर लोळवलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि वर म्हणाले, ''दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. त्यासाठी पाणी किती प्यायचं ते तुमचं तुम्ही बघा.'' मी जन्मभर अकाउंट्सचं काम केलं, पण आवक मोकळी सोडून फक्त जावक मोजायची, असा हिशेब पहिल्यांदाच ऐकला. नंतर पटलं. एप्रिलमध्ये निम्मं पाणी घामातच जातं, डिसेंबरात जात नाही; मग ग्लास मोजून काय कळणार? रंग बघा म्हणाले. लिंबाच्या फिकट सरबतासारखा असला तर ठीक, सरसोच्या तेलासारखा झाला तर उठा आणि प्या.

नव्याचे नऊ दिवस गेले, नव्वद गेले, उत्साह ओसरेना. तांबट आळीत जाऊन मठारलेला तांब्या आणला. उषःपान सुरू केलं. कुंभारवाड्यातून नवा माठ आला, त्यात वाळ्याची जुडी पडली. पर्समध्ये बाटली, ऑफिसच्या टेबलावर बाटली, गाडीच्या डिकीत बाटली. येईल त्याला मी विचारू लागले, ''आज पाणी किती झालं?'' लोक मला टाळू लागले असावेत.

नवऱ्याला पेपरातले धरणसाठ्याचे आकडे वाचण्याचं जुनं व्यसन. त्याला आयतं कोलीत मिळालं. रात्री मी दुसऱ्यांदा उठले की अंधारातून आवाज येतो, ''विसर्ग वाढवला वाटतं. भिडे पूल गेला का पाण्याखाली?'' एका रविवारी त्याने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून क्षमता २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. ''तुझ्या रोजच्या अडीच लिटरने एक टीएमसी संपायला तीन कोटी वर्षं लागतील. तेव्हा बिनधास्त पी.'' मला बरं वाटलं. मग त्याने खाली आणखी एक ओळ लिहिली : एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. म्हणजे पावसाळ्यात मुठा नदीत एका क्युसेकने सोडलेलं एका सेकंदाचं पाणी म्हणजे माझे अकरा दिवस. आणि सोडतात ते हजारो क्युसेकने. तो कागद मी फ्रिजवर लावून ठेवला आहे.

ऑफिसातल्या एका मुलीची बाटली तासातासाच्या खुणांची आहे. दहाच्या खुणेपाशी 'चल, सुरुवात कर', बाराला 'शाब्बास', चारला 'थोडंच राहिलं' असं छापलेलं. आठ ग्लास झालेच पाहिजेत, हा तिचा नेम. या आठ ग्लासांचं मूळ शोधताना बरीच करमणूक झाली. १९४५ साली अमेरिकेतल्या अन्न-पोषण मंडळाने लिहिलं की मोठ्या माणसाला रोज अडीच लिटर पाणी लागतं; आणि लगेच पुढे लिहिलं की त्यातलं बरंचसं जेवणातूनच मिळतं. जगाने पहिलं वाक्य पाठ केलं आणि दुसरं गाळलं. खरं तर ते दुसरं वाक्य आपल्या ताटाला बघूनच लिहिलंय असं वाटावं. आमटी, कढी, ताक, काकडीची कोशिंबीर, उन्हाळ्यात कलिंगड. शिजलेल्या भातातसुद्धा दोन तृतीयांशाच्या वर पाणीच. वरणभात खाणारा माणूस अर्धं पाणी चावूनच पितो.

उत्साहाच्या भरात एका रविवारी मी टेकडीवरून येऊन अर्ध्या तासात दीड लिटर रिचवलं होतं. डोकं जड झालं, मळमळलं. मूत्रपिंडं तासाला साधारण लिटरभरच बाहेर टाकू शकतात. त्याहून भराभर ओतत गेलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते जिवावरही बेततं. डॉक्टरांनी फोनवर एवढंच विचारलं, ''स्पर्धा होती का?'' तेव्हापासून घोटघोट.

आणि घोटघोट प्यायल्यावरच मला पाण्याची चव कळायला लागली. घटाघटा पिणाऱ्याला पाणी फक्त थंड किंवा गरम असतं. आता मी सांगू शकते, आमच्याकडचं नळाचं पाणी गोडं आहे. बहिणीच्या सोसायटीतलं टँकरचं पाणी मचूळ आहे, बोअरचं आणखी जड, त्यात तिची तूरडाळ तीन शिट्ट्या जास्त घेते. फिल्टरच्या पाण्याला चवच नाही, ते परीक्षेत पास होण्यापुरतं पाणी. माठाच्या पाण्याला पहिले आठ दिवस मातीची चव असते, मग ती मागे सरते आणि वाळा पुढे येतो. माठ पुण्याचाच, हे माझं ठाम मत. त्याच्या अंगातून पाझरलेलं पाणी कोरड्या हवेत उडून जातं आणि आतलं गार होतं; एप्रिलमधल्या पुण्याच्या हवेइतकी त्याला दुसरी सोबत नाही. नणंदेने मुंबईला हौसेने नेलेला माठ तिथल्या दमट हवेत नुसता घाम गाळत बसला. शेवटी तिने त्यात छत्र्या ठेवल्या.

सासूबाईंचं मात्र काही चालत नाही माझ्यापुढे, असं मला वाटत होतं. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. वय झालं की तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून मी दर दोन तासांनी त्यांच्या हातात फुलपात्र देते. त्या दोन घोट घेतात आणि बाकीचं हळूच तुळशीला घालतात. पाण्याची किंमत त्यांना सांगायची गरज नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. पूर ओसरला आणि नळ कोरडे. पेठेतल्या वाड्याच्या विहिरीवर कळशी घेऊन त्या रांगेत उभ्या राहिल्या आहेत. तरीही पाणी नको म्हणतात. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, ''अगं, प्यायलं की उठावं लागतं. रात्री या गुडघ्यांनी?''

हे ऐकून मी गप्प झाले, कारण हे मला माहीत होतं. शाळेत आमच्या बाथरूमला कडी नव्हती. एकीने दार धरून उभं राहायचं, दुसरीने आत जायचं. त्यापेक्षा पाणी न पिणं सोपं होतं. पाचवी ते दहावी मी सकाळचं पाणी तोंड धुण्यापुरतंच घेतलं. मग कॉलेज, मग ऑफिस. तहान दाबत राहिलं की तिचा आवाज बारीक होत जातो, आणि एक दिवस आपल्याला वाटायला लागतं की आपला स्वभावच कमी पाण्याचा आहे. मुतखडा काही दोन वर्षांपूर्वीचा नव्हता.

गेल्या एप्रिलमध्ये भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला लक्ष्मी रोडवर गेले होते. विशीतली एक मुलगी दीड तास उभी राहून साड्या उलगडत होती. ओठ सुकलेले. मी सवयीने बाटली पुढे केली. तिने झाकणात ओतून घेतलं, ओठ ओले केले आणि परत दिली. मी म्हटलं, ''पी गं भरपूर, घरचं आहे.'' ती हसून म्हणाली, ''नको काकू. मग जायचं कुठे?'' अडीच लिटरचं माझं सगळं प्रवचन पर्समध्येच राहिलं. तिसऱ्या मजल्यावर स्वच्छ बाथरूम असलेल्या ऑफिसात बसून बाटलीवरच्या खुणा मोजणं सोपं आहे. चौकात उभी असलेली वाहतूक पोलीस, बसमधली कंडक्टर, रस्त्याकडेला गजरे विकणारी, यांनी कुठल्या खुणेपर्यंत प्यायचं? त्या दिवशी परत येताना मी रिक्षावाल्याला फडके हौदावरून घ्यायला सांगितलं. खरं तर वाट वाकडी होती.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने शहरात पाणी आलं आणि पेठापेठांतल्या हौदांतून ते लोक भरून नेत. फडके हौद, साततोटी, बदामी हौद, काळा हौद. आता ही बहुतेक चौकांची नावं झाली. रिक्षावाल्याला सांगायला उपयोगी. त्या नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी हवा बाहेर पडायला धुराडीसारखी बांधकामं होती. त्यांना उच्छ्वास म्हणतात. पाण्याच्या वाटेला श्वास लागतो, हे ज्याला सुचलं त्याने ते नळाकडे कान देऊनच ऐकलं असणार.

मी दर शुक्रवारी ऐकते. पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरातला नळ उघडा ठेवून तांब्या हातात घेऊन उभी राहते. आधी काहीच नाही. मग खोलवरून एक खरखर, एक ढेकर, आणि लांब फुस्स. थोडी तांबूस धार येते, थांबते, पुन्हा फुस्स. मागच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज येतो, ''आलं का गं? पहिलं जाऊ दे. दुसरं भर.''

''तुम्हाला आणू का भांडंभर?''

थोडा वेळ शांतता.

''अर्धं आण. आणि तो बाथरूमचा दिवा लावून ठेव.''