आमची वाटचाल : चिलरच्या दुरुस्तीपासून क्वारंटाइनच्या खोलीपर्यंत

महेश रेफ्रिजरेशन मेकॅनिक आणि मी प्राणिशास्त्राची बी.एस्सी. समुद्री टाक्यांच्या देखभालीचा आमचा व्यवसाय या दोन गोष्टींच्या जोडीतून उभा राहिला, आणि सुरुवात झाली ती चिलरपासून, म्हणजे टाकीचं पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्रापासून. प्रवाळाच्या टाकीचं पाणी २५-२६ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. ते ३० च्या वर जाऊन तिथेच राहिलं की प्रवाळ रंग टाकायला लागतात. मुंबईतले मे आणि ऑक्टोबर हे महिने म्हणूनच या टाक्यांना जड जातात, त्यात पंप आणि दिवे आपली उष्णता पाण्यात सोडतात ती वेगळीच. चिलर बंद पडला की रात्री-अपरात्री फोन यायचा आणि आम्ही दोघं निघायचो. महेश कंडेन्सर साफ करायचा, गॅस तपासायचा. तोवर मी टाकी न्याहाळायचे आणि मालकांना विचारायचे, हा कोपरा असा का दिसतोय, हे प्रवाळ मिटलेलं का आहे. हळूहळू लोक चिलरपेक्षा टाकीसाठीच बोलवायला लागले.

मुंबईकराला समुद्री मासे काचेआड बघायची सवय तारापोरवाला मत्स्यालयानं लावली. ते १९५१ साली सुरू झालं. पण प्रवाळासकट समुद्राचा तुकडा घरात किंवा दवाखान्यात ठेवायची हौस त्यामानानं नवी, आणि ती विकत घेण्यापेक्षा टिकवणं अवघड. क्रॉफर्ड मार्केटला टाकी मिळते, मासे मिळतात, मिठाची पोती मिळतात. पुढचं सगळं ज्याचं त्यानं निस्तरायचं. ते निस्तरायचं काम आम्ही अंगावर घेतलं. भांडुपला एक छोटा गाळा घेतला, पाणी शुद्ध करणारं आरओ-डीआयचं यंत्र बसवलं आणि मासिक कराराची पद्धत सुरू केली. महापालिकेचं पाणी तलावांचं, मुळात मऊ. पण त्यात क्लोरीन असतो आणि पावसाळ्यात गढूळपणा वाढला की प्री-फिल्टर भराभर चोंदतात. त्यामुळे गाळ्यातच शुद्ध पाणी करून, त्यात मीठ कालवून, खारेपणा हजारात ३५ भागांवर आणून ते कॅनमधून पोहोचवायचं, हे आजही आमच्या रोजच्या कामातलं सगळ्यात कष्टाचं काम आहे. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर पाणी चढवणाऱ्या आमच्या मुलांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आमच्या कामाला खरं वळण दिलं ते हायड्रॉइड नावाच्या इवल्या समुद्री जीवानं.

मुलुंडच्या एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, ४ फुटी टाकी होती. डॉक्टरांनी ती आमच्याकडे देखभालीला दिली तेव्हा पाण्याचे सगळे आकडे ठीक होते, तरी झोआ उघडत नव्हते. झोआ म्हणजे झोअँथिड, बटणाएवढ्या फुलांसारखे दिसणारे पॉलिप. एका दगडाच्या अर्ध्या भागावर ते मिटून बसलेले आणि उरलेल्या अर्ध्या भागावर फुललेले. पंप बंद करून भिंगातून बघितलं तर मिटलेल्या पॉलिपच्या मधून बारीक तपकिरी देठ वर आलेले दिसले. प्रत्येक देठाच्या टोकाला तंतूंचा झुपका आणि झुपक्याच्या मध्यावर उंचवट्यासारखं तोंड. आयप्टेशिया या उपद्रवी समुद्रफुलाचं तोंड सपाट तबकडीच्या मधोमध असतं, इथे ते शंकूसारखं पुढे आलेलं. सळईनं हलकेच टोचल्यावर सगळा झुपका आखडला. आमच्याकडे काम करणारा विकास वरळी कोळीवाड्यातला. त्यानं वाकून एकदा बघितलं आणि माझा हात मागे घेतला. "ताई, बोयांच्या दोरांवर असलंच काहीतरी धरतं आमच्याकडे. हातमोजे घाला, खाजतं."

त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. हायड्रॉइड हे शाळेच्या पुस्तकातल्या हायड्राचे, म्हणजे जलव्यालाचे, समुद्रातले भाईबंद. त्यांच्या तंतूंवर दंशपेशी असतात. त्या माणसाच्या कातडीवर पुरळ आणू शकतात आणि शेजारच्या प्रवाळाला तर सतत भाजत राहतात. झोआ मिटले होते ते यामुळेच. पावसाळ्यात जुहूला आणि गिरगाव चौपाटीवर निळे फुगे वाहून येतात आणि लोकांना डंख होतात, ती ब्लूबॉटलसुद्धा याच हायड्रोझोआ वर्गातली. लोक तिला जेलीफिश म्हणतात, पण ती खरी जेलीफिश नाही.

हायड्रॉइडचा नायनाट अवघड का, हे आम्ही प्रत्येक नव्या ग्राहकाला बसवून सांगतो, कारण ते कळलं नाही तर आमच्या उपायांवर विश्वास बसत नाही. वर दिसतात ते पॉलिप. खाली दगडाला चिकटून धावत्या तंतूंचं जाळं पसरलेलं असतं. शेतातल्या हरळीसारखंच, वरचं उपटलं तरी खालून फुटतं. शिवाय या कुळाची तुकड्यातून पुन्हा उभं राहण्याची ताकद फार जुनी ओळखीची आहे. अब्राहम ट्रेम्ब्ले यांनी हायड्रा कापून त्यापासून नवे हायड्रा होताना पाहिले आणि ते प्रयोग १७४४ साली छापले. त्यामुळे टाकीतल्या टाकीत ब्रश फिरवणं हा सगळ्यात घातक उपाय. तुटलेले कण प्रवाहाबरोबर प्रत्येक दगडावर जाऊन बसतात. काही जाती याखेरीज इवल्या जेलीफिशसारखी पिल्लं पाण्यात सोडतात, ती काचेवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी धडधडताना दिसतात.

डॉक्टरांकडचा प्रकार मिरिओनेमाच्या जातकुळीतला होता. त्याच्या शरीरात प्रवाळासारखंच सूक्ष्म शैवाल राहतं, त्यामुळे त्याला प्रकाशावरही जगता येतं. खाणं कमी करून तो उपाशी मरत नाही. पांढरे, प्रकाशावर न जगणारे छोटे हायड्रॉइड वेगळे. नव्या टाकीत किंवा आर्टेमियाची (खाद्य म्हणून घालायच्या इवल्या कोळंबीसारख्या जिवांची) पिल्लं आणि भुकटीचं खाद्य भरपूर पडतं तिथे ते वाढतात, आणि खाद्य आवरलं, टाकी मुरली की बऱ्याचदा आपोआप ओसरतात. कोणता प्रकार आहे हे ओळखल्याशिवाय औषधाचं नाव काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

डॉक्टरांनी फेनबेंडाझोलबद्दल ऐकलं होतं. कुत्र्यांच्या जंतांवर देतात ते हे औषध. हायड्रॉइड त्यानं मरतात हे खरं. पण गोगलगायी मरतात, पिसाऱ्यासारखे नळीतले किडे मरतात, काही मऊ प्रवाळ कोसळतात, आणि औषध दगडांत मुरल्यामुळे पुढे सोडलेल्या गोगलगायीही टिकत नाहीत. त्या टाकीतल्या गोगलगायी काचेवर फिरताना बघायला दवाखान्यात येणारी मुलं थांबायची. मी डॉक्टरांना म्हटलं, "सर, एका शत्रूसाठी अख्खं गाव जाळायला नको." त्यांनी लगेच मान्य केलं, आणि दुसऱ्या दिवशी दात साफ करायचे दोन जुने स्केलर आमच्या हातात ठेवले. त्या अवजारांसारखी नेमकी टोकं आम्हाला बाजारात मिळाली नसती.

मग काम सुरू झालं ते दगडागणिक. एक दगड बाहेर काढायचा, तो टाकीच्याच पाण्यानं भरलेल्या वेगळ्या बादलीत ठेवायचा, भिंग लावून सगळ्या बाजूंनी बघायचा. जिथे तुरळक पॉलिप आहेत तिथे स्केलरनं मुळापर्यंत खरवडायचं, दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यायचं आणि ती जागा सुपरग्लूच्या जेलनं पूर्ण झाकायची. या जेलमधलं सायनोअ‍ॅक्रिलेट ओलाव्यातच घट्ट होतं, म्हणून दगड सुकवावा लागत नाही. जेलच्या कडेनं पुन्हा फुटवा येतो, म्हणून थर खरवडलेल्या जागेच्या बोटभर पुढे न्यायचा, ही युक्ती महेशची. बादलीतलं पाणी टाकीत परत जायचं नाही, ते थेट मोरीत. खोल खाचांमध्ये जेल पोचत नाही. तिथे प्रयोगशाळेच्या दर्जाच्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजनं भरली, पंप बंद ठेवून. पानाला लावायचा चुना रासायनिकदृष्ट्या तोच, पण त्यात आणखी काय मिसळलंय हे सांगता येत नाही, म्हणून तो वापरू नये. पेस्ट एका वेळी थोडीच वापरायची, नाहीतर पाण्याचा पीएच झपाट्यानं चढतो.

झोआ त्यांच्या जुन्या प्लगवरून, म्हणजे प्रवाळ चिकटवायच्या छोट्या बैठकीवरून, उचलून नव्या प्लगवर लावले, हातमोजे आणि गॉगल घालून. इथे एक गोष्ट जिवाभावानं सांगते. झोआ किंवा त्यांचा भाऊबंद पॅलिथोआ असलेला दगड घरी कधीही उकळू नका. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं, उकळल्यावर ते वाफेतून श्वासात जातं, आणि अशा वाफेनं माणसं इस्पितळात पोचल्याच्या नोंदी आहेत. सगळ्यात वाईट अवस्थेतले दगड आम्ही झोआ काढून घेऊन गाळ्याच्या गच्चीवर उन्हात पूर्ण वाळवले. ते पुढे कोरडे दगड म्हणूनच टाकीत परत आले.

झोआ उघडले. पण हायड्रॉइड मुळापासून गेला असं आम्ही डॉक्टरांना लिहून दिलं नाही, कारण तसं ते नव्हतं. टाकीतलं पाणी जिथून बाहेर पडतं त्या ओव्हरफ्लोच्या दातऱ्यांमागे अधूनमधून एखादा झुपका दिसतो आणि विकास त्यावर जेलचा ठिपका देतो. डॉक्टरांचा करार अजून आमच्याकडे आहे. "शंभर टक्के खात्री" हे शब्द आमच्या कोटेशनमध्ये येत नाहीत. त्यामुळे काही कामं हातची गेली आणि त्याचं दुःख आम्हाला नाही.

या कामानंतर गाळ्याची मागची खोली आम्ही क्वारंटाइनसाठी मोकळी केली. आता आमच्या देखभालीतल्या कुठल्याही टाकीत जाणारं प्रवाळ आधी त्या खोलीत सहा आठवडे राहतं. आल्या आल्या त्याचा प्लग काढून फेकायचा, कारण हायड्रॉइड, आयप्टेशिया, नळीत राहणाऱ्या व्हर्मेटिड गोगलगायी, सगळे प्लगच्या खाचांत बसून येतात. नवा प्लग पांढरा शुभ्र घ्यायचा, म्हणजे त्यावर काही उगवलं तर नजरेत भरतं. खोलीतल्या जाळ्या, चिमटे, नळ्या बाहेरच्या कामाला वापरायच्या नाहीत. त्यांच्या मुठींना लाल टेप आहे. वीज, मीठ, जागेचं भाडं या सगळ्यामुळे आमचं प्रवाळ महाग पडतं. सुरुवातीला ग्राहक विचारायचे, दुकानात निम्म्या भावात मिळतं ते तुमच्याकडून का घ्यायचं? आम्ही त्यांना खोलीत नेऊन भिंगातून दाखवायला लागलो. डोळ्यांनी बघितलेला माणूस भाव करत नाही, असा आमचा अनुभव आहे.

दर महिन्याला कोणीतरी विचारतं, हाजीअलीच्या किंवा कार्टर रोडच्या खडकांतून दगड आणून टाकीत घालू का? नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली खडक बांधणारी सगळी प्रवाळं आणि मिलेपोरा म्हणजे अग्निप्रवाळ संरक्षित आहेत. हे अग्निप्रवाळही हायड्रोझोआच आहे, आणि समुद्रात त्याची जागा मानाची. मुंबईच्या खडकांवर ओहोटीला जे जिवंत दिसतं ते तिथेच राहायला हवं. तिथल्या एका दगडाबरोबर काय काय घरात येईल, हे सांगायला विकास आहेच.

टाकीत असं काही दिसलं तर आम्हाला फोटो पाठवा. निळे दिवे बंद करून, पांढऱ्या प्रकाशात, पंप थांबवून, काचेला लंब धरून काढा. एक फोटो पूर्ण दगडाचा आणि एक जितक्या जवळून जमेल तितका. तोवर ब्रश लावू नका, उपटू नका, आणि त्या दगडावरचं काहीही मित्राच्या टाकीत देऊ नका. नुसत्या फोटोवर सल्ला द्यायचे आम्ही पैसे घेत नाही.