राकसकोप, महिपाळगड, हलशी: बेळगावच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला सायकलवर आणि पायी

बेळगावहून पश्चिमेला निघालं की वीसेक किलोमीटरच्या आत जमीन बदलते. वडगाव-यळ्ळूरच्या भातशिवारातली काळी माती संपते आणि लाल जांभा सुरू होतो. या भागातल्या निम्म्या अडचणी मातीतूनच येतात. काळी माती ओली असली की मडगार्ड आणि टायरच्या फटीत गच्च बसते, चाक अडतं आणि काडीने खरवडल्याशिवाय पुढे सरकत नाही. लाल माती तशी चिकटत नाही, पण तिची बारीक कच ब्रेकचे पॅड खाऊन टाकते. पावसाळ्यात घाटाकडच्या दोन-तीन उतारांत नवे पॅड झिजलेले दिसतात. म्हणून शेतातल्या पाणंदीवर जायचं तर जमीन वाळल्यावरच जावं, पावसात डांबरी सोडू नये आणि पॅडची एक जोडी जवळ ठेवावी.

आमची ही फेरी दिवाळीनंतरची, आणि काळ म्हणून तोच उत्तम. ओढ्यांना पाणी असतं, हवा स्वच्छ असते, जळवा कमी झालेल्या असतात. मात्र या दिवसांत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. सुगीत गावोगावी रस्त्यावरच भात मळतात, वाळवतात. पसरलेल्या पिंजरावर चाक सरकतं, शिवाय त्याखालचे खड्डे दिसत नाहीत. तिथे उतरून सायकल हातात धरून न्यावी, आणि वाळत घातलेल्या भातावरून तर मुळीच चालवू नये. दुसरी गोष्ट उसाची. गळीत हंगामात वेंगुर्ला रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात. मागे दिवा नसतो आणि ऊस बाहेर झुकलेला असतो. दुसरी ट्रॉली वळणावर आतल्या बाजूला ओढली जाते, त्यामुळे वळणावर आतून पुढे जायचा प्रयत्न कधीही करू नये.

राकसकोपचा फेरा

एकच दिवस असेल तर हाच मार्ग घ्यावा. बेळगाव, हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची, तुडये, राकसकोप, बेळगुंदी, बेनकनहळ्ळी, गणेशपूर आणि परत शहर, असा साधारण चाळीस किलोमीटरचा वळसा होतो. याच दिशेने फिरावं. वर्दळीचा वेंगुर्ला रस्ता सकाळीच उरकतो आणि परतीला बेळगुंदीकडचा शांत रस्ता मिळतो. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्याआधी धुकं दाट असतं. मागचा लाल दिवा लावूनच निघावं. मंगळवारी आणि शुक्रवारी उचगावला मळेकरणी देवीसाठी गर्दी असते, ते वार टाळले तर बरं.

बाचीपासून तुडयेकडे वळलं की रहदारी एकदम ओसरते आणि लहान लहान चढउतार सुरू होतात. एकही चढ फार लांब नाही, पण ते थांबतही नाहीत. मागच्या चाकाला ३२ किंवा ३४ दात्यांची चकती असेल तर गुडघे वाचतात. तुडये महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात; राकसकोप कर्नाटकात. सीमा ओलांडल्याचं फलकांच्या लिपीवरूनच कळतं. पुढचे फलक बहुतेक कन्नडमध्ये असल्याने वाटेवरच्या गावांची नावं कन्नड लिपीत कागदावर लिहून घ्यावीत, म्हणजे फाट्यावर अडायला होत नाही. वाट विचारायला मराठी सगळीकडे चालते.

राकसकोपचं धरण मार्कंडेय नदीवर आहे आणि त्यातलं पाणी बेळगाव पितं. पाण्यात उतरू नये, सायकल धुऊ नये, काठावर कचरा टाकू नये. धरणापासून बेळगुंदीपर्यंतचा टप्पा या फेऱ्यातला सगळ्यात देखणा आहे, तिथे घाई करू नका. वाऱ्याचंही गणित बघावं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, जाताना छातीवर घ्यावा लागतो आणि येताना तो पाठीशी असतो. हिवाळ्यातल्या सकाळी तो बहुधा पूर्वेचा असतो, तेव्हा परतीसाठी दम राखून ठेवावा.

सामानात दोन जादा ट्यूब, पंप, पॅच, टायर काढायच्या पट्ट्या, साखळी जोडायची कडी आणि दोन लिटर पाणी एवढं हवंच. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे असावेत. सत्तरेक किलो वजनाच्या माणसाला डांबरीवर ५० पीएसआय हवा ठीक, खडीच्या वाटेवर ती चाळीसच्या आसपास आणावी. टणक टायर जांभ्याच्या सुट्या खड्यांवर उडतो, वळणावर घसरतो. गावात पंक्चरचं दुकान मिळालं तरी ते मोटारसायकलचं असतं. तिथे हवा मिळेल, सायकलच्या मापाची ट्यूब मिळेलच असं नाही. ट्यूबला प्रेस्टा (बारीक तोंडाचा) व्हॉल्व्ह असेल तर अडॅप्टर जवळ हवा.

वैजनाथ आणि महिपाळगड

पायी फिरणाऱ्यांनी शिनोळीवरून देवरवाडी गाठावी. तिथून वर वैजनाथाचं जुनं दगडी मंदिर, शेजारी आरोग्य भवानीचं. मंदिरापासून महिपाळगडापर्यंत झाडीतून चढ आहे. सावकाश चालणाऱ्यालाही तो तास-सव्वा तासात होतो. गडावर गाव वसलेलं आहे, वरपर्यंत रस्ताही जातो. त्यामुळे जाताना पायवाट आणि उतरताना रस्ता, असं केलं तर गुडघ्यांना सोपं पडतं. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. त्यावर चालायला खोल खाचांचे रबरी तळवे लागतात, गुळगुळीत झालेल्या बुटांनी चढू नये.

राजहंसगड त्यामानाने सोपा. यळ्ळूरवरून थेट गडाच्या दारापर्यंत डांबरी आहे, आत सिद्धेश्वराचं मंदिर. शेवटचा चढ छोटा पण उभा आहे, आणि रविवारी गाड्यांनी भरतो. परतीला देसूरकडून हमरस्त्याला लागण्यापेक्षा यळ्ळूरचीच वाट धरावी.

जांबोटी, कणकुंबी: इथे जपून

पिरनवाडीवरून जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला हा रस्ता गोव्याला जातो. चित्रांत तो फार सुंदर दिसतो, आहेही; पण सायकलसाठी आम्ही तो सुचवणार नाही. रुंदी कमी, वळणं आंधळी आणि गोव्याच्या गाड्या सुसाट. बसने कणकुंबीला जावं. मलप्रभेचा उगम आणि माऊलीचं मंदिर पायी फिरून बघावं आणि दिवसाउजेडी परतावं. शेवटच्या बसची वेळ कंडक्टरला उतरतानाच विचारून ठेवावी. जांबोटीपुढे मोबाईलची रेंज जाते-येते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

जांबोटीजवळचा वज्रपोहा धबधबा बघायची ओढ सगळ्यांना असते. तिकडचं जंगल आणि भीमगड अभयारण्य वनखात्याच्या ताब्यात आहे, परवानगीशिवाय आत शिरता येत नाही आणि पावसाळ्यात धबधब्यांच्या वाटा बंद करतात. मोबाईलच्या नकाशावर वाट दिसते म्हणजे ती खुली आहे असं धरू नये. खानापूरच्या वनखात्याच्या कार्यालयात विचारूनच बेत ठरवावा. हे बंधन उगीच नाही: वर पाऊस झाला की ओढे तासाभरात फुगतात आणि आत गेलेल्यांची परतीची वाट तुटते. गवे आणि अस्वलं पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. गवा दिसला तर थांबावं, घंटी वाजवू नये, तो गेल्यावरही पाचेक मिनिटं थांबावं, कारण मागे कळप असतो.

खानापूर, नंदगड, हलशी

इतिहासाची आवड असेल तर खानापूरपर्यंत रेल्वेने किंवा बसने जाऊन तिथून नंदगड आणि हलशी करावं. जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर पुरतात. नंदगडला कित्तूरच्या राणी चन्नम्माचा लढवय्या संगोळ्ळी रायण्णा याची समाधी आहे, १८३१ मध्ये इंग्रजांनी त्याला इथेच फाशी दिलं. हलशी ही कदंब राजघराण्याची जुनी राजधानी. तिथलं भूवराह नरसिंहाचं मंदिर बाराव्या शतकातलं आहे. गाभाऱ्यात उजेड कमी असतो, टॉर्च न्यावा. मंदिर बघून झाल्यावर सायकली गावात लावून रामतीर्थाच्या टेकडीवर पायी जावं. वर जुनं मंदिर आणि तळं आहे, सावली फारशी नाही, म्हणून दहाच्या आत चढावं. भात आणि ऊस पिकायच्या दिवसांत खानापूर तालुक्यात हत्ती येतात. पुढच्या गावाला निघण्याआधी चहाच्या टपरीवर तेवढं विचारावं. काल रात्री हत्ती कुठे होते ते तिथे नक्की कळतं.