मांडवावरचं शेवटचं तवसं

आज परसातलं खायचं शेवटचं तवसं, म्हणजे मोठी काकडी, काढलं. हाताएवढं लांब, पिवळं पडलेलं. कोशिंबिरीला जून, पण धोंडसाला, म्हणजे तवशाच्या गोड केकला, असंच लागतं. देठाकडची चकती आधी चाखली. कडू निघालं तर सगळा घाणा फुकट जातो. हे गोड होतं!

बिया काढून किसलं. दोन वाट्या कीस आणि त्याचं सुटलेलं पाणी, एक वाटी तुपावर खमंग भाजलेला तांदळाचा रवा, वाटीभर गूळ, ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ. पाणी वेगळं घालायचंच नाही, रवा तवशाच्या रसातच फुलायला हवा. घट्टसर शिजवून, तळाला हळदीचं पान घालून १८० अंशांवर पाऊण तास ओव्हनमध्ये.

आजी हेच चुलीवर करायची, पातेल्याच्या झाकणावर सोडणांचे, म्हणजे नारळाच्या सुक्या सालींचे, निखारे ठेवून. वर-खाली आच. तो धुरकट वास ओव्हनला येत नाही, याची मला दरवर्षी हळहळ वाटते. पण आज पान सोडवलं तेव्हा त्याच्या शिरा वडीवर जशाच्या तशा उमटल्या होत्या, कडा तांबूस झाल्या होत्या. आई पहिला तुकडा खाऊन म्हणाली, "खरपुडी मला ठेव हां."

सर्वात मोठं तवसं मात्र बियांसाठी वेलावरच ठेवलंय.